आठ डोकी लाल, एक काळं

१

शनिवारी सकाळी, ऐन हळदीच्या दिवशी, नीराबाई घरत जागी झाली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, दिवा तरी लावा. एवढा काळोख कसा?"

बाहेर साडेआठ वाजले होते. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं.

चांगदेव चहाचा कप घेऊन आत आला आणि कप त्याच्या हातातून सुटलाच. बायकोच्या चेहऱ्यावर डोळे म्हणून काही दिसेनात. पापण्या सुजून एकमेकींवर बसलेल्या, कपाळ फुगून पुढे आलेलं, कान लालभडक, आणि केसांच्या मुळांतून पिवळं पाणी गळत होतं. श्वास घेताना तिच्या घशातून घरघर येत होती.

"विपुल! गाडी काढ! भाविका, आईला धर!"

नीराबाई म्हणजे वाकीखारची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून येतो, आधी धवलारीण लागते. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही. उरणच्या या अंगाला कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी नीराबाई कुठल्या दिवशी मोकळी आहे ते विचारायचं आणि मग तारीख धरायची, अशी रीत होती. त्या संध्याकाळी पलीकडच्या आळीत धनेशची हळद होती, ड्रोनवाला सकाळीच येऊन बसला होता, आणि गाणारीचा गळाच बंद होत चालला होता.

पनवेलच्या हॉस्पिटलात तिला थेट आत नेलं. इंजेक्शनं, ऑक्सिजन, धावपळ. हाताला सुई लावताना नर्सने मनगट उलटं केलं, तेव्हा तिथला मोराच्या आकाराचा फिकट डाग चांगदेवला दिसला. दोन वर्षांपूर्वी हरिहरेश्वरला गेले होते, तेव्हाचा. आता तो मोर लाल होऊन वर उठला होता.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. विनिता त्यांचं नाव, वय चांगदेवच्या सुनेएवढं.

"केसांना काय लावलं होतं त्यांनी?"

"मेंदी. आमच्या परड्यातल्या झाडाची."

"नुसत्या मेंदीने असं होत नाही. कलप? डाय? ते काळ्या मेंदीचं पाकीट मिळतं, ते?"

चांगदेवने मिशीवरून हात फिरवला. भरघोस, काळीभोर, दोन्ही टोकांना पीळ दिलेली मिशी.

"न्हाय मॅडम. आमच्या घरात तसलं काय येत न्हाय."

"नीट आठवा काका. आज वाचल्या त्या. पण कशाने झालं ते कळलं नाही, आणि तेच पुन्हा लागलं, तर पुढच्या वेळी पनवेलपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही."

"न्हाय म्हटलं ना," चांगदेव म्हणाला.

तो खोटं बोलला होता.

२

आता सांगायचंच तर सगळं सांगून टाकू. लपवून लपवून तर हे झालं.

चांगदेव घरत एकतीस वर्षं पोलिसात होता, हवालदार म्हणून रिटायर झाला. मिशीवाला हवालदार म्हणून त्याचा दरारा. रिटायर व्हायला दोन वर्षं असताना एक नवीन साहेब आला आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "आजोबा, तुम्ही बसा, चोरामागे दुसऱ्याला पाठवू." त्या आठवड्यात चांगदेव टोपी कपाळावर ओढून उरणच्या बाजारात गेला आणि काळ्या मेंदीचं पाकीट घेऊन आला.

त्याला अकरा वर्षं झाली. दर पंधरा दिवसांनी नीराबाई मासळी आणायला गेली की हा कडी लावून मोरीत बसायचा. पाकिटं पोलिसातल्या जुन्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची चावी बल्लाळेश्वराच्या तसबिरीमागे. या कानाची त्या कानाला खबर नाही, असं त्याला वाटत होतं.

पण त्याचा आणि याचा काय संबंध? पाकीट माझं, मिशी माझी, ट्रंक कुलपात. अकरा वर्षांत मला साधी खाज नाही सुटली. मग त्या डॉक्टर पोरीसमोर कशाला आपली अब्रू काढून घ्यायची? असा हिशेब त्याने कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या केला, आणि पोलिसी डोकं दुसरीकडे वळवलं.

गुन्हा तर झाला होता. आणि तो कुणी केला ते त्याला लगेच दिसायलाही लागलं.

भाविका, त्याची सून, ओटीवरच्या खोलीत पार्लर चालवायची. गुरुवारी संध्याकाळी हळदीआधीची म्हणून आळीतल्या बायका तिच्याकडे मेंदी लावायला जमल्या होत्या. परड्यातल्या पाल्याची पूड, लोखंडी घमेल्यात चहाच्या पाण्यात भिजवलेली. नीराबाई धरून नऊ बायका आणि घमेलं एक. शुक्रवारी सगळ्यांनी डोकी धुतली. आठ जणींचे पांढरे केस लालकेशरी झाले. नीराबाईचे झाले काळे.

शुक्रवारी चांगदेवने ते पाहिलं होतं आणि "वा, मेंदी चढली की!" म्हणून चेष्टाही केली होती. नीराबाई डोकं खाजवत नुसती हसली होती.

आता त्याला त्याचा अर्थ लागला. हिच्याच वाट्यात कुणीतरी काळं काहीतरी कालवलं. मेंदी कोणी भिजवली? भाविकाने. वाटून कोणी दिली? भाविकाने. आणि पार्लर ओटीवर नको म्हणून गेल्या वर्षी सासूशी कोणाचं वाजलं होतं? भाविकाचंच.

रविवारी सकाळी, आळी जागी असताना, सगळ्यांच्या देखत त्याने पार्लरला कुलूप घातलं.

"पुढच्या रविवारी देवळासमोर बैठक," तो मोठ्याने म्हणाला. "गुन्हेगाराचं नाव मी सांगेन तिथं."

३

"हात दाखव," चांगदेव म्हणाला.

भाविकाने दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ होते. नखंसुद्धा.

"नऊ बायकांना मेंदी लावलीस आणि हाताला रंग न्हाय?"

"हातमोजे घालते मी बाबा. रोज कामच ते आहे, कातडी बिघडली तर धंदा कसा करू?"

"आणि आईला लावताना?"

"आईंना मी लावलीच नाही. त्या म्हणाल्या, माझी वाटीत घालून दे, मी घरात मोरीत बसून लावीन. दिली वाटी भरून. रात्रभर कपडा गुंडाळून झोपते म्हणाल्या. तसं काही रात्रभर ठेवायचं नसतं डोक्यावर, मी बोलले तसं. त्यांनी ऐकलं नाही."

"वाटीत काय घातलंस?"

"मेंदी."

"तीच, जी बाकीच्यांना?"

"तीच. मी आईंना दुसरं काही दिलंच नसतं. देणारच नाही कधी." तिचा आवाज चढला. "माझ्याकडे एक बाई जरी केस रंगवायला आली ना बाबा, तरी आधी कानामागे थेंबभर लावते आणि अठ्ठेचाळीस तास घरी पाठवते. दहा वर्षं लावणारी असली तरी. दर वेळी. बायका मना हसतात त्यावरून. अन् मी माझ्याच सासूला..."

"मग वाटीत काळं आलं कुठून?"

भाविकाने मान वर केली. क्षणभर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, नाकाच्या जरा खाली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिने. मग नजर जमिनीला लावली आणि गप्प झाली.

चांगदेवने अशा नजरा शेकड्यांनी पाहिल्या होत्या. खाली गेली की समजायचं, सापडला.

"बोल ना. गप का?"

"मना काय माहीत न्हाय," ती हळूच म्हणाली.

विपुल मध्ये पडला, बापाशी भांडला, पण बापासमोर त्याचं कधी चाललंय? सोमवारी त्याला बंदरावर ट्रेलरची ड्यूटी लागली आणि तो गेला. त्याच दुपारी भाविका एक पिशवी घेऊन एकटीच एसटी स्टँडवर गेली. पालीला, माहेरी. आळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. ज्यांची डोकी तिने गुरुवारी रंगवली होती त्याच. एकीनेही हाक मारली नाही.

४

मंगळवारी चांगदेव सोनूबाईकडे गेला. नीराबाईच्या जागी शनिवारी धनेशच्या हळदीत हिने धवले गायले होते, म्हणजे फायदा झाला तर हिचा. शिवाय हिच्या घरात बिब्बे. गुडघ्याला लावायला ठेवते. बिब्ब्याचं तेल काळं, अंगाला लागलं की फोड. हवालदाराने मुद्दे मनात लावून घेतले होते.

सोनूबाई डोक्यावरचा लालकेशरी अंबाडा सावरत उठली. "मना कशाला इचारतंस दादा? बिब्बा लागला तर लागंल तिथं भाजतं. डोक्यावरचा केस न् केस सारखा काला करायला मी काय शाई वाटली?"

हे खरं होतं. डॉक्टरीणबाईंनीही फोनवर तेच सांगितलं होतं.

"गुरुवारी काय बघितलंस ते सांग."

"काय बघायचंय? भाविकाने घमेल्यातनं वाटी भरली, नीराच्या हातात दिली, अन् त्याच घमेल्यातली उरली ती माझ्या डोक्याला फासली. शेवटची मी. ही बघ की." तिने पदर खाली केला. "मना काय झालंय? उगा त्या पोरीला घालवलंस. माझ्यावर घ्यायचं तर घे, मी वाघिणीसारखी भांडंन तरी. ती बिचारी बोलतच न्हाय."

चांगदेव उठला. उन्हात चालताना त्याच्या डोक्यात गणित आपोआप पुढे सरकत होतं. वाटी पार्लरमधून निघाली तेव्हा चांगली होती. पार्लर ते मोरी, बारा पावलं. वाटी नीराबाईच्या हातात. विपुल बंदरावर. घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे काळं जे काही आलं ते पार्लरमधून आलं नाही, घरातूनच आलं.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने इथपर्यंत आल्यावर पुढचा प्रश्न विचारला नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. तो घरी जाण्याऐवजी उरणला गेला. भाविकाने बाजारातून काळा रंग नेला असेल, दुकानदार सांगेल, म्हणून.

दीपेशचं जनरल स्टोअर. टोपी होतीच कपाळावर.

"आमच्या गावची भाविका घरत, पार्लरवाली. तिनं काळी मेंदी नेली का तुझ्याकडून?"

"भाविकावहिनी?" दीपेश हसला. "त्या फक्त हातमोजे नेतात शेठ. उलट मलाच दम देऊन गेल्या. म्हणे पाकिटावर पानं-फुलं छापलीत म्हणून ती मेंदी होत नाही, मेंदी काळी नसतेच कधी, काळा रंग आला म्हणजे आत केमिकल. गिऱ्हाइकाला सांगत जा म्हणाल्या." त्याने काउंटरवर वाकून आवाज खाली आणला. "तुमच्या वाकीखारात ते पाकीट एकच गिऱ्हाईक नेतं. अकरा वर्षं झाली. तुम्हाला तर माहीतच असेल."

चांगदेवच्या टोपीखालून घामाचा थेंब मिशीवर उतरला.

५

बुधवारी सकाळी त्याने स्वतः घातलेलं कुलूप स्वतःच काढलं. पुरावा शोधतोय, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भाविका गुन्हेगार निघावी अशी तो आशा करत होता. लाज वाटावी अशी आशा, पण होती.

खोलीत एक खुर्ची, आरसा, धुऊन पालथं घातलेलं घमेलं. काळं काही नाही. खणात मात्र एक शंभर पानी वही होती. प्रत्येक पानावर एक नाव. सोनूबाईचं पान: "मेंदी चालते. गुडघ्याला बिब्बा लावते, त्या दिवशी डोक्याला काही नको." कोण्या मृणालीचं: "कानामागे लावलं, दुसऱ्या दिवशी लाल. डाय नाही म्हणजे नाही. रागावून गेली. चालेल." डोक्याला जखम असेल तर रंग नाही, भुवईला नाही, घड्याळ लावूनच ठेवायचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पुढे मिनिटभर नाही. पोरीने अक्षर गिरवून गिरवून लिहिलं होतं.

मग एक पान, "आई".

"हातावर मोराचा डाग. हरिहरेश्वरला बीचवर काळ्या मेंदीचा ठसा मारून घेतला होता, त्याला फोड आले. म्हणजे त्यातलं केमिकल अंगाला लागत नाही. काळा रंग, कलप, कधीच नाही. सांगितलंय. फक्त आपल्या झाडाची मेंदी."

चांगदेव त्या ट्रिपला होता. फोड आले तेव्हा खाऱ्या पाण्याने झालं म्हणाला होता, वर "मोर नाचला" म्हणून हसलाही होता. सुनेने मात्र ते वहीत लिहून ठेवलं होतं. जिला एवढं माहीत, ती सासूच्या वाटीत काळं घालील?

घालील, असा पोलिसी आवाज आत उठला. माहीत आहे म्हणूनच घालील. त्याने त्या आवाजाच्या जोरावर पान उलटलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं, "बाबा".

"मिशी. उशीच्या अभ्र्यावर काळे डाग, त्यावरून कळलं. विचारायची लाज वाटते. तोंडाजवळ, नाकाजवळ लावू नये. वर्षानुवर्षं चाललं तरी एखाद दिवशी अंगावर उठू शकतं. अजून त्रास नाही. लक्ष ठेवणे. कुणाजवळ बोलायचं नाही."

तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

चांगदेव गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. समोर आरसा होता. त्याने तो बघायचं टाळलं.

ही वही तिच्या हाताशी होती. रविवारी आळीसमोर तो कुलूप घालत होता तेव्हा तिने फक्त हे पान उघडून धरलं असतं तरी पुरे होतं. 'काळं कुठून आलं?' असं त्याने विचारलं तेव्हा ती नाकाखाली बघत होती, आणि त्याला वाटलं ती घाबरली.

तो उठला, घरात गेला, बल्लाळेश्वराची तसबीर बाजूला केली. चावी उलट्या तोंडाने टांगलेली होती. तो कायम दाते भिंतीकडे करून टांगायचा. ट्रंक उघडली. दीपेशकडून आणलेली चार पाकिटं होती, त्यातलं एकही त्याने अजून फोडलं नव्हतं.

ट्रंकेत तीन होती.

६

त्याच दुपारी नीराबाई घरी आली. डोळे उघडले होते, आवाज घोगरा होता, केस नर्सने कातरून बारीक केले होते. ती अंगणातच थांबली आणि पार्लरच्या दाराकडे बघत म्हणाली, "भाविका कुठाय?"

"पालीला गेली."

"का?"

चांगदेवने तिच्या हातातली पिशवी घेतली. शनिवारपासून तिच्या नाकातोंडात नळ्या, मग औषधाची गुंगी. कुलूप, बैठक, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिला जाग आली तेव्हा तिने एवढंच पुटपुटलं होतं, "सुनेला काय बोलू नका, तिचं काय न्हाय त्यात." आणि चांगदेवने ते सासूचं मऊ काळीज म्हणून सोडून दिलं होतं.

तिला आत बसवून त्याने तिच्यासमोर तीन पाकिटं ठेवली.

नीराबाईने कातरलेल्या डोक्यावरून पदर घेतला.

"कधीपासून माहीत हाय तुला?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या मोरीतल्या काळ्या पाण्यावर मीच बादली ओतते. तुम्ही नीट धूत न्हाय."

"बोलली न्हाईस कधी."

"काय बोलायचं? पुरुषमाणसाला वाटतं एखादं." तिने एक पाकीट उचलून उलटं केलं. "गेल्या लग्नात त्या ड्रोनवाल्याने माझे धवले मोबाईलवर टाकले. खाली लोकांनी लिहिलं, म्हातारीला बसवा आता. विपुलने दाखवलं न्हाय, पण मना कळलं. मना वाटलं, तुम्ही इतकी वर्षं लावता, तुम्हाला काय होत न्हाय. पाकिटावर पानं काढलीत. मेंदीच ती, जरा काळी. वाटीत एक पाकीट कालवलं अन् रात्रभर बांधून झोपले."

"भाविकाने सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं. म्हणून तर तिच्यासमोर लावली न्हाय. रात्रभर डोक्यात आग झाली, तरी सोडली न्हाय. लाज वाटली. या वयात नटायला निघाली म्हणतील." तिच्या सुजलेल्या पापण्यांतून पाणी यायला लागलं. "अन् डॉक्टरणीने विचारलं तेव्हा तुमचं नाव निघंल म्हणून गप बसले. घरी जाऊन भाविकाला सांगीन म्हटलं. तिला तुम्हीच तर घालवलं न्हाय ना?"

चांगदेवला हुंदका आला. त्याला एकतीस वर्षांत रडलेलं कोणी पाहिलं नव्हतं, आणि आता बायकोसमोर तो शाळेतल्या पोरासारखा रडला.

मग त्याने डॉक्टर विनितांना फोन लावला. "मॅडम, शनिवारी मी खोटं बोललो. माझ्या मिशीचं पाकीट होतं. तिनं ते लावलं."

"काका, हे तेव्हा कळलं असतं तर मी चार दिवस अंधारात चाचपडले नसते. आता नीट ऐका. कार्डावर लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. त्यांना कुठलाही डाय, काळी मेंदी, काळा टॅटू, आयुष्यात पुन्हा नाही. आणि तुमची मिशी त्यांच्या उशीजवळ असते ना?"

"असते."

"मग तुम्हीही बंद करा."

७

रविवारी देवळासमोर आळी जमली. हवालदार नाव सांगणार म्हणून पलीकडच्या आळीतलेही आले होते. चांगदेव उभा राहिला. ड्यूटीवर असताना त्याने खुनाचे पंचनामे लोकांसमोर वाचले होते, आवाज कधी कापला नव्हता.

"आठ डोकी लाल झाली, एक काळं," तो म्हणाला. "वाटी भरली भाविकाने, तोपर्यंत त्यात मेंदीच होती. सोनूबाई साक्षीला हाय. काळं घरात मिसळलं. ते माझ्या ट्रंकेतलं." त्याने खिशातून पाकीट काढून वर धरलं. "हे मी मिशीला लावतो. अकरा वर्षं. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी न्हाय म्हटलं. माझी बायको मरता मरता वाचली, अन् मी कुलूप घातलं सुनेच्या दाराला. गुन्हेगार मी."

त्याने मान खाली घातली आणि हसण्याची वाट बघितली. कोणी हसलं नाही. हे त्याच्या अंगावर जास्त आलं.

मग म्हातारा दिनानाथ काठी टेकत म्हणाला, "चांगदेवा, मिशीचं तर आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं रे. त्याचं काय एवढं? पण त्या पोरीचं काय?"

सगळ्यांनाच माहीत होतं! ज्या गोष्टीपायी बायको मरणाच्या दारात गेली, सून घराबाहेर गेली, ती गोष्ट लपलेलीच नव्हती. चांगदेवला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. सोनूबाईने तोंडाला पदर लावला, कारण भाविका जाताना तीही दारात उभी राहून नुसती बघतच होती.

"मी पालीला निघालोय," तो म्हणाला. "आत्ता."

पालीला पोचेपर्यंत चार वाजले. भाविका आईच्या घराच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. सासऱ्याला एकटा बघून ती घाबरून उठली. "आई बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय. तुला बोलावलंय तिनं." त्याने पिशवीतून वही काढली. "मी वाचली ही. न विचारता. गावासमोर सगळं सांगून आलोय."

भाविकाने वही बघितली आणि तिचा चेहरा उतरला, जणू चोरी तिचीच पकडली गेली होती. "तुमचं पान पण वाचलं?"

"वाचलं. एक सांग मना. मी तुला आळीसमोर खुनी ठरवत होतो. तू नुसतं बोट दाखवलं असतंस तरी सुटली असतीस. का न्हाय दाखवलंस?"

तिने खाली बसून तांदळातला एक खडा बाजूला केला.

"तुम्हाला लोकांनी हसलेलं मला बघवलं नसतं बाबा," ती म्हणाली. "लग्न ठरवायला आम्ही आलो तेव्हा स्टँडवर तुम्ही उभे होतात. माझी आई म्हणाली होती, मिशीवाले दिसतायत ना, त्यांच्या घरात तुला कोण वाकडं बोलणार नाही."

चांगदेव पायरीवरच बसला. त्याच्या वरच्या ओठावर, काळ्या मिशीच्या मुळाशी, आठ दिवसांची पांढरी रेघ उगवली होती. हात सवयीने मिशीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"पेन हाय का?" त्याने विचारलं.

तिने आतून पेन आणलं. त्याने वही उघडून आपलं पान तिच्यापुढे केलं आणि 'अजून त्रास नाही' या ओळीवर बोट ठेवलं.

"हे खोड आधी," तो म्हणाला. "त्याच्यापुढं लिही, 'त्रास झाला.' कोणाला झाला ते पण लिही. तुझं नाव पहिलं टाक."

भाविकाने पेन हातात घेतलं. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी तिने लिहिलं.